हे मोठ्याने वाचू नकोस

१५ जून, रविवार. सकाळपासून तुझ्या चिठ्ठ्यांना इस्त्री करते आहे.

पुठ्ठ्याला इस्त्री कोण करतं, असं तू विचारलं असतंस. सांगते. शाळेचं कपाट दीड महिना बंद होतं. काल उघडलं, तर तुझ्या चिठ्ठ्यांवर पांढरी बुरशी धरलेली आणि अर्ध्या चिठ्ठ्या पापडासारख्या वाकड्या झालेल्या. उन्हात घालायच्या तर ऊन कुठं आहे? म्हणून सगळ्या पिशवीत भरून रत्नागिरीला घरी आणल्या. एकेक कोरड्या फडक्याने पुसते, जुन्या धोतराच्या तुकड्यात ठेवते आणि वरून इस्त्री फिरवते. बेताचीच गरम. जास्त तापली की तुझी निळी शाई कापडाला लागते. हे मला सातव्या चिठ्ठीला कळलं, तेव्हा पहिल्या सहा जरा फिकट दिसतील. त्याबद्दल बोलायचं नाही.

वास मात्र जात नाही. आंब्याच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तू वर्गासाठी केलेल्या चिठ्ठ्या, त्यांना पेंढ्याचा वास असणारच. पण इस्त्री लागली की आतून हर्णैची सुकट वर येते. गावाहून येताना माझ्यासाठी सुकटीची पुडी आणायचीस आणि शाळा सुटेपर्यंत ती त्याच कपाटात, चिठ्ठ्यांच्या डोक्यावर ठेवायचीस. अकरा वर्षं सांगत होते, डब्यात ठेव. ऐकलं नाहीस. मघाशी यांनी दारातून डोकावून विचारलं, "सुकट भाजतेस का?" मी म्हटलं, "नाही, शाळेचं काम करतेय."

तुझी शोकसभा झाली. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक आले होते. तुला प्रेमळ म्हणाले, मनमिळाऊ म्हणाले, सदा हसतमुख म्हणाले. आपण चुकीच्या सभेत तर आलो नाही ना, असं मला वाटायला लागलं. तू हसतमुख नव्हतीस. तू हसलीस की समोरच्याला वाटायचं, आपलं काय चुकलं? मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोनच बोलले. "भांडण राहिलं," म्हणाले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, बाईंचा गळा दाटला. दाटला नव्हता. भांडण खरंच राहिलं आहे, आणि उद्या शाळा उघडायच्या आत मला ते मिटवायचं आहे. तू नाहीस, तर दोन्ही बाजू मलाच मांडायला लागणार. माझ्या बाजूने थोडं जास्त बोलीन, ते तू समजून घे.

आपली शाळा ती केवढी. जयगडच्या रस्त्याला आत वळून दोन खोल्या, दोन बाया. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी तुझ्याकडे. मी दोन वर्षं खपून पोरांना वाचतं करायची आणि तिसरीत गेल्या गेल्या तू त्यांना गप्प बसवायचीस. माझ्या वर्गात सगळे एका सुरात वाचायचे, पार रस्त्यापर्यंत ऐकू जायचं, बंदरावर जाणारे ट्रकवालेसुद्धा मान वळवायचे. तुझ्या वर्गात शुकशुकाट. पोरं उठताहेत, बसताहेत, खिडकीशी जाऊन येताहेत, आणि तोंडातून चकार शब्द नाही. परक्या माणसाने पाहिलं तर त्याला वाटावं, काहीतरी झालंय यांना.

"वर्ग आहे की मौनव्रत?" मी विचारलं होतं.

"तुझा लाउडस्पीकर भिंतीपलीकडून ऐकू येतो की," तू म्हणालीस. "दोन वर्गांना एक पुरे."

तुझा नियम एवढाच होता. चिठ्ठी मनात वाचायची आणि त्यात सांगितलंय ते करायचं. बोलायचं नाही, विचारायचं नाही. केलं तर समजलं, नाही केलं तर पुन्हा वाचायचं. आत्ता माझ्या हातात आहे ती बघ: "खिडकीपाशी जा. बाहेर कोणी दिसलं तर हात हलव. कोणी नसेल तर परत येऊन तुझी पाटी पालथी घाल." आणि ही तुझी लाडकी: "आज वर्गात सगळ्यांत शेवटी आलेल्या मुलीशेजारी जाऊन बस. ती तूच असशील तर जागेवरून हलू नकोस." या चिठ्ठीपायी पोरांवर अक्षरशः घाम फुटेपर्यंत विचार करायची पाळी यायची, आणि तू टेबलाशी बसून शेंगा सोलत असल्यासारखी शांत.

मी म्हणायची, धड्याखाली प्रश्न दिलेले असतात, ते काय वाईट आहेत? तू म्हणायचीस, प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि त्या ओळीखाली रेघ मारायची, याला डोकं लागत नाही, पेन्सिल लागते. मग मी म्हणायची, परीक्षेत तेच विचारतात. मग तू तुझ्या गावाची, बुरोंडीची गोष्ट सुरू करायचीस.

ती गोष्ट मला तोंडपाठ आहे, तरी एकदा माझ्या शब्दांत सांगते, कारण तू ती प्रत्येक वेळी थोडी वाढवायचीस. तुझा भाऊ चौथीत. मुंबईच्या मामाचं पत्र आलं. घरात वाचणारा तो एकटा. आईने आळीतल्या बायका बोलावल्या, भावाला अंगणात उभा केला आणि त्याने खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन अख्खं पत्र वाचलं. बायकांनी माना डोलावल्या. कोणीतरी त्याच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला. पत्र देवाच्या तसबिरीमागे गेलं. आणि शुक्रवारी मामा भलीमोठी ट्रंक घेऊन बुरोंडीच्या स्टॉपवर दुपारभर बसून राहिला, कारण त्याने पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की शुक्रवारच्या गाडीने येतोय, सामान जड आहे, कोणीतरी घ्यायला या. संध्याकाळी ट्रंक डोक्यावर घेऊन, घामाने निथळत, तो दारात उभा राहिला.

"पत्र मिळालं नाय काय?"

"मिळालं तर!" तुझी आई म्हणाली. "काय सुंदर वाचलान पोरानं!"

यावर मी दर वेळी हसायची आणि तू कधीच नाही. "अंगणात वीस बायका होत्या, अपर्णे," तू म्हणायचीस. "ऐकत सगळ्याच होत्या. समजून एकीनं घेतलं नाय. वाचणाऱ्यानंसुद्धा."

मला ती नुसती गोष्ट वाटायची. मग श्रेयाचं झालं.

श्रेया म्हणजे माझ्या हातची. पहिलीत असताना मोठ्यांची पुस्तकं धडाधडा वाचणारी, कोणी पाहुणा आला की मी जिला पुढे करायची ती. तिसरीत तुझ्याकडे आली, तेव्हा मी मुद्दाम तुझ्या दारात येऊन उभी राहिले. म्हटलं, आता दाखव हिला तुझी चिठ्ठी. तू पुठ्ठ्यांतून एक काढून तिच्या हातात दिलीस. तिने छाती पुढे काढली आणि सुरू केलं:

"हे मोठ्याने वाचू नकोस. कोणाला काही सांगू नकोस. बाहेर चपलांच्या रांगेतली सगळ्यांत लहान चप्पल उलटी कर आणि जागेवर येऊन बस."

एक शब्द अडला नाही. वाचून झाल्यावर हाताची घडी घालून आपल्या दोघींकडे बघत उभी राहिली. आणि मी, अगं रंजना, मी दारातून म्हटलं, "शाब्बास!"

तू नुसतं माझ्याकडे बघितलंस आणि हसलीस. त्या हसण्याबद्दलच मी म्हणत होते. मला पुरतं कळायला अर्धं मिनिट गेलं. मग मी माझ्या वर्गात गेले आणि पोरांना विनाकारण बाराखडी लिहायला लावली. बुरोंडीच्या अंगणातली एकविसावी बाई मी होते. हे तुला मी कधी सांगितलं नाही. तू जिवंत असतीस तर आजही सांगितलं नसतं.

आता मार्च महिन्यातलं. भांडण तिथलंच आहे.

साहेब वाचन तपासायला आले होते. आपले केंद्रप्रमुख, माणूस वाईट नाही, त्यांच्याकडे तक्ता मागणाराही वर कोणीतरी बसलेलाच असतो. प्रत्येक मुलाने एक उतारा घड्याळ लावून मोठ्याने वाचायचा, खालच्या प्रश्नांची उत्तरं द्यायची, आणि मुलाच्या नावापुढच्या रकान्यात त्याची पातळी लिहायची: अक्षर, शब्द, वाक्य की परिच्छेद. श्रेयाने अर्ध्या वेळात वाचून उत्तरं दिली. परिच्छेद. मग सानिका उठली. सावकाश वाचणारी, प्रत्येक वाक्याला थांबून बाहेर बघणारी सानिका. दोन वर्षं माझ्याकडे होती तेव्हा मी तिच्यामागे किती ओरडले असेन, "बाहेर काय आहे? पुस्तकात बघ!"

"आभाळ भरून आलं," तिने वाचलं. "वारा सुटला. धोंडू होडी घेऊन..." आणि थांबली. मान वर केली.

"वाच बाळा, पुढे वाच," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

"सर, आभाळ भरल्यावर होडी काढतात काय?"

"तुला काय करायचंय? आहे तसं वाच."

"पण हा धोंडू मरंल ना."

तिचा आजा जयगडच्या खाडीत होडी घालतो. तिला खरोखरची काळजी वाटत होती. वेळ संपली. तो धोंडू पुढे पुष्कळ मासे घेऊन सुखरूप परत येतो, पण तिथपर्यंत ती पोचलीच नाही. साहेब म्हणाले, "शब्द पातळी. लिहा बाई." तू पेन खाली ठेवलंस.

"साहेब, बाकी सगळ्यांनी त्या माणसाला वादळात जाऊ दिला. ही एकटी त्याला अडवत होती. हिला शब्द पातळी?"

"रकाना मोकळा ठेवता येत नाही, बाई."

"मग तिचा प्रश्न लिहा त्यात."

"प्रश्न लिहायला तिथे जागा नाही."

"तेच तर म्हणतेय मी."

साहेब गेल्यावर हात धुवायला आपण मागच्या नळावर गेलो आणि मी तुझ्यावर तुटून पडले. म्हटलं, शब्द लिहून टाक आणि मोकळी हो, वर्गात तुला हवं ते कर. एका पोरीसाठी सगळ्या शाळेची चौकशी लावून घेणार आहेस का? तू म्हणालीस, "किती पोरांसाठी लावून घ्यायची असते? आकडा सांग, तेवढी झाली की लावून घेऊ." मग मी म्हटलं, "तुला पोरीची पडलेली नाही. तुला मिरवायचंय."

तू नळ बंद केलास आणि आत गेलीस. रकाना मोकळाच राहिला.

त्यानंतर आपण शाळेपुरतं बोललो. हजेरी, पोषण आहार, निकालपत्रकं. मे महिन्यात मी बुरोंडीला फोन केला, तो खरं म्हणजे याच गोष्टीसाठी केला होता. पण आधी आंब्याचं विचारलं, मग तुझ्या आईच्या गुडघ्याचं विचारलं, आणि मुद्द्यावर आले तेव्हा तू म्हणालीस, "ते जूनला भांडू गो. आत्ता हाताला चीक लागलाय, फोन चिकट होतोय." आणि ठेवलास. जून आला. तू तेवढी आली नाहीस. तुझ्यासारख्या वेळेच्या पक्क्या बाईने असं करावं याचा मला राग आहे, आणि तो मी लवकर सोडणार नाही.

काल शाळा झाडायला गेले होते. साहेबांचा निरोप फोनवर आला: यंदा चौथीत गेलेल्या मुलांच्या तक्त्यात एक नोंद राहिली आहे, आता वर्ग तुमच्याकडे आहे, तर सोमवारी अकराच्या आत भरून पाठवा, नाहीतर 'शब्द' धरून पुढे पाठवतो. खाली आणखी एक ओळ होती की नवीन साहित्याच्या पेट्या येणार आहेत, तर जुनं कपाट रिकामं करून ठेवा. शोकसभेत याच साहेबांनी तुझ्या चिठ्ठ्यांचं चांगलं दहा मिनिटं कौतुक केलं होतं.

शब्द पातळी म्हणजे काय, तुला माहीतच आहे. रोजचे पहिले दोन तास पहिलीच्या पोरांत बसून अक्षरं घोटायची. चौथीतल्या मुलीने. निदान दिवाळीपर्यंत.

मी कपाटातले पुठ्ठे पिशवीत भरत होते, तेवढ्यात सानिकाची आई कुंपणापाशी येऊन उभी राहिली. काजूच्या कारखान्यातून येत होती, बोटं काळी झालेली. अंगणवाडीच्या ताईंकडून तिला कळलं होतं.

"बाई, पोरीला परत पयलीत बसवणार काय?"

"पहिलीत नाही. थोडा वेळ त्या गटात."

"म्हंजे पयलीतच ना." तिने काळी बोटं पदराला पुसली. "रंजनाबाई बोललेल्या, पोरगी तुझी हुशार हाय, वाचताना इचार करते. आता कागद बोलतो, ढ हाय. मी खरं कोणाचं धरू? ती तर बोलते, त्या पोरांत बसवलांत तर मी शाळेतच येणार नाय."

मी म्हटलं, "सोमवारी पाठव तिला. वेळेवर पाठव." तिला उत्तर हवं होतं आणि मी तिला वेळ सांगितली.

तर आता ऐक. तू गेलीस म्हणून तुझं सगळं बरोबर होत नाही. पोरांनी मोठ्याने वाचलंच पाहिजे. घरात ज्यांना कोणी "बोल" म्हणत नाही, त्या पोरांना चारचौघांत स्वतःचा आवाज ऐकायची सवय मीच लावते, आणि तुझ्याकडे तिसरीत जी पोरं मनात वाचायची ती आधी माझ्याकडे घसा फोडून वाचायला शिकलेली असायची. हे तू एकदाही कबूल केलं नाहीस. तुझी पत्रकं वेळेवर जायची, कारण मी ती भरायची. तुझे धडे कायम दोन आठवडे मागे असायचे आणि फेब्रुवारीत तू माझ्या तासांवर डोळा ठेवायचीस. यातलं काहीही मी मागे घेत नाही.

फक्त 'मिरवायचंय' हा शब्द मागे घेते. तो खोटा होता, आणि बोलताना मला ठाऊक होतं की तो खोटा आहे. मी घाबरले होते. साहेबांना नाही. तो रकाना मोकळा बघून माझ्या मनात आलं की मग श्रेयाच्या नावापुढे आपण काय लिहिलंय? आणि तिच्याआधीच्या सगळ्यांच्या? तू एका पोरीचा रकाना मोकळा ठेवलास, आणि मला माझे भरलेले सगळे दिसायला लागले.

ते आता उकरून काही उपयोग नाही. जी गेली ती पोरं पुढच्या शाळेत गेली. तुझ्या जागी कोणी येईपर्यंत चारही वर्ग माझ्याकडे आहेत. मी वेळापत्रक करून टाकलंय. पहिला अर्धा तास चारही वर्ग मनात वाचतील, पहिलीवाले चित्रं वाचतील, आणि तो अर्धा तास तुझा. त्यानंतरचा दिवस माझा, आणि तेव्हा रस्त्यापर्यंत ऐकू जाईल. कोणाला पटो न पटो. तुलासुद्धा.

शेवटची चिठ्ठी झाली. इस्त्री बंद केली. चिठ्ठ्या ताठ झाल्यात, वास तसाच आहे. असू दे.

१६ जून, सोमवार. सकाळी मी साडेनऊलाच शाळेत पोचले. चिठ्ठ्या कपाटात होत्या तिथेच लावल्या आणि कपाटाला कुलूप घातलं. नवीन पेट्या आल्या तर टेबलाखाली जागा आहे. प्रवेशोत्सव झाला, पहिलीच्या पोरांना फुलं दिली, पुस्तकं वाटली. सानिका आली होती, आईचा हात धरून, दारातच अडून. मी तिला चौथीच्या रांगेत, खिडकीकडच्या तिच्या जागेवर बसवलं. तिच्या आईला म्हटलं, "रंजनाबाईंचं धर."

मग तक्ता काढला. सानिकाच्या नावापुढच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं: "आभाळ भरल्यावर होडी काढतात काय?" जागा पुरली. शेवटचा शब्द जरा खालच्या ओळीत गेला, एवढंच. खाली सही केली, शाळेचा शिक्का मारला, फोटो काढला आणि अकराला दहा कमी असताना साहेबांना पाठवला. फोन वाजायला लागला. कपाट उघडून तो मी तुझ्या सुकटीच्या जागी ठेवला.

श्रेयाला उठवलं आणि ती चपलेची चिठ्ठी तिच्या हातात दिली. तिने छाती पुढे काढली, तोंड उघडलं. मग मिटलं. पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. तिचे डोळे त्या ओळीवर बराच वेळ थांबले होते, आणि सगळा वर्ग गप्प होता.

शाब्बास अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते म्हटलं नाही. ती वाचत होती.